दर संध्याकाळी एक वीत

आमच्या ह्यांना मधमाश्यांचा नाद लागला तो नोकरी संपल्यावर. जन्मभर बस डेपोत इंजिनं उघडली आणि मिटली, घरी बसल्यावर हातांना करमेना. कुणी पत्ते कुटतं, कुणी राजकारण. ह्यांनी घराच्या बाजूच्या बोळात, झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर, शेजारच्या भिंतीला लागून मधमाश्यांची पेटी मांडली. मी म्हटलं, "इतकी वर्षं मी चावत होते ते कमी पडलं का?" हे म्हणाले, "तू न सांगता चावतेस. ह्या निदान आधी गुणगुणतात." हा आमच्या संसारातला विनोद. फार बरा नव्हता, पण आमचा होता.

मग ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डावा हात राहिला, डोळे राहिले. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. त्या दिवसांत डॉक्टर काहीही म्हणाले तरी मी मान हलवायची.

लोक भेटायला येत, माझ्याकडे बघत, आणि मी आता रडेन म्हणून थांबत. मी त्यांना चहा देई. मला काही वाटत नव्हतं. मोठेपणा म्हणून सांगत नाही, खरंच वाटत नव्हतं. पाठ दुखली की कळायची, चादर ओली झाली की कळायची. त्यापलीकडे सगळं बधिर, दात काढायच्या आधी हिरडी होते तसं. आमची एक लांबची वहिनी म्हणाली, "तुम्ही फार धीराच्या हो." मी म्हटलं, "साखर हवी का अजून?"

ह्यांचा पलंग खिडकीला लावला होता, कारण हवेच्या गादीच्या पंपाला चालेल असा प्लग तिथेच होता. स्वयंपाकघरात पलंग मावत नव्हता, आणि पुढची खोली म्हणजे येण्याजाण्याची वाट. म्हणून हे इथे आणि समोर पेटी. ऊन चढलं की माश्या निघायच्या आणि ह्यांचे डोळे त्यांच्यामागे जायचे. माश्या पायांना पिवळा पराग लावून परत आल्या की ह्यांची अर्धी जिवणी हलायची. ह्यांचं सगळं जग तेवढं उरलं होतं, खिडकीभर. त्याच्या जिवावर मला दुपारी आंघोळ करता येई, दोन घास बसून खाता येत. पेटीसमोर नसले की हे छताकडे बघायचे, आणि छताकडे बघणारा माणूस मला बघवत नसे. एवढी एक गोष्ट तेव्हाही बघवत नसे.

अशात एका सकाळी पालिकेची बाई आली. पायात रबरी बूट, हातात मोजायची फीत, आवाज मऊ.

"काकू, राहत्या घरात मधमाश्या पाळायला बंदी नाही," ती म्हणाली. "पण नियम आहेत. पेटी शेजाऱ्याच्या हद्दीपासून दहा फूट लांब हवी. तिच्या तोंडासमोर डोक्यापेक्षा उंच आडोसा हवा, म्हणजे माश्या वर चढून उडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर जात नाहीत. आणि पाणी आपल्याच आवारात ठेवायचं."

"पाणी कशाला?"

"पितात की त्या. तुमच्या माश्या शेजारच्या नळावर जातात. तिथं त्यांच्या नातीला चावली, पापणीवर. डोळा पार मिटला होता पोरीचा."

बोळाच्या कोपऱ्यात एक पसरट थाळी होती, त्यात खडे. हे रोज सकाळी त्यात पाणी भरायचे. माशीला खड्यावर बसून पिता यावं, बुडू नये, म्हणून ते खडे होते हे मला त्या बाईकडून कळलं. मी आपली समजत होते, चिमण्यांसाठी आहे. झटका आल्यापासून थाळीला कुणी हात लावला नव्हता. ती कोरडी ठणठणीत पडली होती आणि तहानलेल्या माश्या भिंतीपलीकडे जात होत्या.

बाईने फीत टाकली. आमचा बोळ मुळात दहा फूट रुंद नाही. नियमात बसेल अशी एकच जागा निघाली, घराच्या मागे, धुण्याच्या दगडापाशी. म्हणजे खोलीच्या भिंतीच्या आड.

"आठवड्याभरात हलवा," ती म्हणाली. "नाहीतर आम्हाला उचलून न्यावी लागेल, आणि मग परवानगी पुन्हा मिळायची नाही." मग तिची नजर खिडकीतून ह्यांच्यावर गेली आणि ती खाली बघायला लागली. "मला फार वाईट वाटतं, काकू."

"तुम्ही वाटून घ्या," मी म्हटलं. "मला सध्या फुरसत नाही."

पेटी मागे गेली की ह्यांना दिसणार नाही, हे मला कळलं. पण लागलं नाही. मी माझ्या दिराला फोन केला.

भाऊजी फरशा बसवायचं काम करतात. माणूस सोन्यासारखा, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सांगायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी दुपारीच सिमेंट, विटा आणि उरलेल्या फरशा घेऊन हजर. धुण्याच्या दगडापाशी त्यांनी पेटीसाठी ओटा बांधला. त्यावर निळी फरशी बसवली. हद्दीपासून दहा फूट मोजले, मग आणखी चार बोटं वर सोडली, "पालिकेनं नाव ठेवायला जागा नको." समोर पत्र्याचा आडोसा उभा केला. नियमावर बोट ठेवून बघितलं असतं तर बोट घसरलं असतं, इतकं चोख काम.

संध्याकाळी माश्या आत गेल्या, तसं भाऊजींनी पेटीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला आणि पट्टा बांधला. खोलीत ह्यांनी आवाज सुरू केला. शब्द नव्हता, नुसतं "ह, ह". डावा हात गादीवर आपटत होते. मी धावले. ह्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून चादरीवर ठेवली, हात उचलला, पुढे ठेवला. परत उचलला, परत पुढे. मला वाटलं, थोडं म्हणतायत. थोडं पाणी. चमच्याने पाणी दिलं, ते ह्यांनी थुंकलं. भांडं दिलं, ते ढकललं. खिडकीतून भाऊजी ओरडले, "दादा, तू शांत पड. तुझी पेटी फुलासारखी नेतो." मीही म्हटलं, "मागेच तर नेतोय. कुठे टाकून देत नाही." ह्यांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला. मी हात सोडवून घेतला, पांघरूण घातलं आणि खिडकीचा पडदा ओढला. चांगल्यासाठीच ओढला.

सकाळी पडदा सारला तर बोळ माश्यांनी भरलेला.

पेटी होती त्या रिकाम्या जागेत माश्या घिरट्या घालत होत्या. जमिनीवर नाही, भिंतीवर नाही. बरोबर तिथे, हवेत, जिथे काल पेटीचं तोंड होतं. मागे जाऊन पाहिलं. पेटीतून माश्या बाहेर पडत होत्या, रानात जात होत्या आणि पराग घेऊन परत येत होत्या ते थेट बोळात. माशीला पेटी ठाऊक नसते, जागा ठाऊक असते. जन्मल्यावर एकदा ती जागा डोळ्यांत भरून घेते, आणि मग कुणी घर उचलून चार पावलांवर ठेवलं तरी तिला ते सापडत नाही. हे मला त्या दिवशी दिवसभर बघून कळलं. पुस्तक वाचायची गरज पडली नाही.

दुपारी त्या थकून भिंतीला लगडल्या, शेजारच्या भिंतीला. काही भिंत ओलांडून पलीकडे गेल्या. तिकडून दारं-खिडक्या लावल्याचे धाडधाड आवाज आले. म्हणजे नियम पाळायला गेलो आणि जिथं एक माशी जात होती तिथं घोळका पाठवला. आगीतून फुफाट्यात ते हेच. संध्याकाळी गारठा पडला तशा माश्या भिंतीवरून गळायला लागल्या. पंख हलायचे, उडता येत नव्हतं. बऱ्याचशा खिडकीच्या जाळीला येऊन चिकटल्या, ह्यांच्या तोंडापासून हातभर. आणि हे बघत होते. सकाळपासून. मी पडदा ओढायला गेले तर हे "ह" करून ओरडले.

दुसऱ्या सकाळी मी झाडू आणि सुपली घेऊन बोळात गेले. मेलेल्या माश्या वजनाला काहीच नसतात, पण सुपली भरली. केर काढावा तसा काढला. ओंजळीत घेऊन रडायला हवं होतं कदाचित. मी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि हात धुतले.

खोलीत आले तर हे गादीवर हात आपटत होते. मी पलंगाच्या काठावर बसले. "काय हवंय? सांगा. मला नाही कळत हो." ह्यांनी माझा हात ओढून आपल्या पोटावर आडवा घेतला. मग माझ्या मनगटावर अंगठा ठेवला आणि करंगळी ताणली. एक वीत. थांबले. डोळ्यांनी खिडकीबाहेरचा उजेड दाखवला, मग डोळे मिटले, उघडले. रात्र, दिवस. मग हात उचलून अंगठा करंगळीच्या जागी ठेवला. दुसरी वीत. पुन्हा डोळे मिटले, उघडले. खांद्यापर्यंत पोचले तेव्हा मला कळलं.

रोज एक वीत. तेवढी पेटी सरकली तर माशीला ती सापडते.

परवा संध्याकाळी हे तेच सांगत होते आणि मी पाणी पाजत होते. डोकं शाबूत आहे म्हणजे काय, ते मला त्या वेळी समजलं. डॉक्टरांनी सांगितलेलं समजायला इतके महिने गेले.

भाऊजींना सांगितलं. ते पायरीवर बसले. "दादाला सगळं कळत होतं? आणि मी त्याला म्हटलं, शांत पड?" बराच वेळ ते आपल्या सिमेंट लागलेल्या नखांकडे बघत राहिले. मग उठले आणि त्याच संध्याकाळी पेटी परत खिडकीसमोर आणली. पेटीत निम्म्या माश्या उरल्या होत्या. राणी होती. बोळात त्यांनी दोन लांब फळ्या अंथरल्या, त्यावर पेटी ठेवली, म्हणजे मला एकटीला ढकलता यावी.

पण रोज एक वीत म्हणजे दीड-दोन महिन्यांचं काम, आणि पालिकेचा आठवडा संपत आलेला. फोन केला तर बाई म्हणाली, शेजाऱ्यांची हरकत नसेल तरच मुदत वाढते, तसं त्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं. म्हणजे भिंतीपलीकडे जायला हवं.

शेजारच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. नात त्यांच्या मागून बघत होती. डोळ्याची सूज उतरली होती, कडेला पिवळट डाग राहिला होता.

"परवा तर कहर केलात तुम्ही," बाई म्हणाल्या. "दिवसभर दारं लावून बसलो. धुतलेल्या चादरींवर माश्यांच्या घाणीचे डाग, नळापाशी जायची चोरी. मी आधी तीनदा हाक मारली तुम्हाला भिंतीवरून. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

"ऐकू आली नाही."

"ऐकू आली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि आत गेलात. म्हटलं, पोरीचा डोळा सुजलाय आणि हिला काही वाटतच नाही!"

मला ते आठवत नव्हतं. पण झालं असणार. "नाही वाटत," मी म्हटलं. "खरं सांगते, सध्या मला कशाचंच काही वाटत नाही. तुमच्या नातीचं नाही, माझं नाही. पण हे दिवसभर त्या पेटीकडे बघतात. पेटी पालिकेनं नेली तर ते छताकडे बघतील. तेवढ्यासाठी आलेय."

बाईंनी दार पुरतं उघडलं. "ते मला दर हंगामाला मधाची बाटली भिंतीवर ठेवायचे," त्या म्हणाल्या. "हाक न मारता. मला वाटायचं, तुम्ही पाठवता."

"मला माहीतसुद्धा नव्हतं."

"पाणी ठेवा रोज. एक दिवस चुकलं तरी मीच पालिकेत जाईन." आणि दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन पालिकेत गेल्या आणि मुदत वाढवून आल्या.

मग आमचा क्रम लागला. सकाळी थाळीत पाणी. संध्याकाळी माश्या आत गेल्या की हे डावा हात उचलायचे, अंगठा-करंगळी ताणायचे. मी बाहेर जायची, फळीवर वीत ठेवून खडूने रेघ मारायची, आणि पेटी गुडघ्याने लोटायची. परत आल्यावर हे भुवई वर करायचे. मी म्हणायची, "झाली. बोटभरही जास्त नाही. साहेबांचा हुकूम." मेकॅनिकच्या हाताखाली शिकाऊ पोऱ्या असतो तशी माझी गत. पण सकाळी माश्या निघायच्या, परतायच्या, क्षणभर जुन्या जागी अडखळायच्या आणि वीतभर पुढे सरकून आत शिरायच्या. एकही गळली नाही.

पेटी अशी हळूहळू खिडकीच्या कडेकडे गेली. आधी ती समोर होती, मग तिरकी झाली. मग ह्यांना मान वळवावी लागायला लागली. मी उशी तिरपी करून दिली. पुढे तेवढंही पुरेना. एका संध्याकाळी पेटीची फक्त एक कड चौकटीत उरली आणि हात उठला. वीत.

"आज नको," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इथेच राहू दे. पालिकेची बाई आली तर भांडेन मी. भांडण मला येतं, तुम्हाला ठाऊक आहे. नेली तर नेली." हात तसाच. "अहो, कळतंय का, उद्यापासून काही दिसणार नाही ते?"

ह्यांनी चादरीवर अंगठा टेकवला आणि करंगळी ताणली, अगदी सावकाश, मठ्ठ मुलाला शिकवावं तशी. कळत होतं. पहिल्या दिवशी माझ्या हातावर विती मोजल्या तेव्हाच ती वाट कुठे जाते हे ह्यांना ठाऊक होतं. पेटी जगायची तर आपल्या डोळ्यांआड जायला हवी, हे ह्यांनीच ठरवलं होतं, आणि रोज थोडं थोडं माझ्याकडून करून घेतलं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी फक्त ढकलत होते.

मी जाऊन लोटली. आत आले. खिडकीत शेजारची भिंत होती, दुसरं काही नाही. "दिसते का?" मी विचारलं. काय हा प्रश्न! ह्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी हे छताकडे बघत होते. मी दुपारी आंघोळ केली नाही. संध्याकाळ झाली. वाटलं, आता काही हात उठायचा नाही. उठला. रोजच्या वेळी, तेवढाच ताणलेला. पेटी अजून निळ्या फरशीपर्यंत पोचली नव्हती ना! काम अर्धवट सोडलं तर ते डेपोतले कसले.

मी बाहेर गेले, खडूची रेघ मारली, लोटली. कंबर सरळ करायला म्हणून पेटीवर हात ठेवला. लाकूड आतून कोमट होतं आणि बारीक थरथरत होतं. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "मेल्या, स्वतःच्या हाताने नेलंस ना सगळं! मी काय बघू आता?" उभ्या आयुष्यात मी ह्यांना अरे-तुरे केलं नव्हतं. मग जे सुरू झालं ते मला आवरेना. मागे धुण्याच्या दगडावर जाऊन बसले आणि रडले, शिव्या देत रडले, पालिकेला, भाऊजींच्या फरशीला, माझ्या कोरड्या थाळीला, ह्यांना. सगळीकडून एकदम दुखायला लागलं, मुंग्या आलेला पाय जमिनीवर टेकल्यावर दुखतो तसं. पलीकडे शेजारच्या बाईंचा नळ वाजत होता तो बंद झाला. त्यांनी हाक मारली नाही, बरं झालं.

अंधारल्यावर आत गेले. खिडकी उघडीच होती, म्हणजे हे सगळं ऐकत पडले होते. मी पदराने तोंड पुसलं. हे गादीवर हात आपटायला लागले.

"काय? पाणी? भांडं?"

नाही. हात पुन्हा आपटला, स्वतःच्या बाजूला, गादीच्या मोकळ्या काठावर. इतक्या महिन्यांत मी त्या काठावर बसले होते ते भरवायला, पुसायला, औषध द्यायला. पंपाची नळी सरकवून मी आडवी झाले. पलंग एका माणसाचा, माझं निम्मं अंग बाहेरच. ह्यांनी डावा हात माझ्यावर टाकला. समोर खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, आणि आम्ही दोघं तिकडे बघत पडलो.